भैयासाहेब गणपतराव : परक्या पेटीतून ठुमरी

ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे आणि गायिका चंद्रभागाबाई यांचे पुत्र भैयासाहेब गणपतराव यांचा जन्म १८५२ सालचा. ख्याल आणि बीन यांचा दबदबा असलेल्या दरबारात वाढूनही त्यांनी आपले वाद्य म्हणून निवडली ती युरोपातून आलेली बाजाची पेटी. निवड धाडसाची होती. पेटीचे स्वर पट्टीगणिक ठरलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही, आणि ठुमरीचा तर प्राणच मींडेत. लखनौचे सादिक अली खाँ यांच्याकडे ठुमरी शिकलेल्या भैयासाहेबांनी ही उणीव बोटांच्या हलक्या, चपळ फिरतीने आणि भात्यावरील संयमाने झाकली. मौजुद्दीन खाँ यांच्यासारखा ठुमरीगायक त्यांच्या तालमीत घडला. ‘सुघरपिया’ या नावाने त्यांनी बंदिशीही रचल्या. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांच्या पेटीवादनावर त्यांचा ठसा उमटला.

१९२० साली भैयासाहेब निवर्तले. पुढे मींडेच्या याच उणिवेवर बोट ठेवून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती काही दशके टिकली. मैफलींतून आणि गोव्याच्या देवळांतील भजनांतून मात्र पेटी हलली नाही.