ओझे वाटून घेणारा पुढारी : डॉ. विल्यम केरी

डॉ. विल्यम केरी यांचे चरित्र आपल्या मंडळ्यांतून पुष्कळदा सांगितले जाते. जोडे शिवणारा एक इंग्रज तरुण हिंदुस्थानात येतो, एकामागून एक भाषा आत्मसात करतो आणि पवित्र शास्त्र लोकांच्या हाती देतो, अशी ती कथा आहे. ती खरीच आहे. परंतु ती ऐकताना एका माणसाने एवढे सारे एकट्याने केले, असा समज होण्याचा संभव असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. ज्या काळात केरींनी सर्व भार एकट्याच्या शिरावर घेतला, त्या काळात त्यांच्या श्रमाचे दृश्य फळ फारसे दिसले नाही. आपले काम कोणते आणि दुसऱ्याचे कोणते, हे ओळखावयास ते शिकले, तेव्हापासून त्यांच्या सेवेला बहर आला.

केरींचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील नॉर्थहॅम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील विणकर होते; पुढे ते गावचे शाळामास्तर झाले. विल्यम उमेदवारीच्या वयात जोडे शिवावयास शिकले आणि पुढे बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले. १७९२ साली केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना झाली, तीत त्यांचा पुढाकार होता. १७९३ च्या नोव्हेंबरात पत्नी डोरोथी, मुले आणि मेहुणी यांच्यासह ते बंगालला येऊन पोहोचले.

पहिले दिवस हलाखीचे गेले. अखेर माल्दाच्या परिसरात मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून त्यांना नोकरी मिळाली. तेथे ते पाच वर्षे राहिले. निळीचा हिशेब, मजुरांची देखरेख, खेडोपाडी उपदेश, मुलांची शाळा, मुनशी रामराम बसू यांच्या साहाय्याने बंगाली व संस्कृत यांचा अभ्यास, नव्या कराराचे भाषांतर आणि शिवाय बागकाम, असे सर्व व्याप त्यांच्या एकट्याच्या अंगावर होते. १७९४ साली पाच वर्षांचा पीटर हा मुलगा आमांशाने गेला आणि त्या धक्क्यातून डोरोथीबाईंचे मन कधीच सावरले नाही. एका बाजूस आजारी पत्नी, दुसऱ्या बाजूस न संपणारे काम, अशा ओढाताणीत मुलांकडे पाहावयास कोणी उरले नाही. इतके कष्ट करूनही या काळात एकाही बंगाली मनुष्याने त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला नाही.

१७९९ च्या ऑक्टोबरात इंग्लंडहून नवे सोबती आले. कंपनी सरकारच्या मुलखात मिशनऱ्यांना आडकाठी होती. म्हणून ते हुगळीकाठच्या सेरामपूर या डेन्मार्कच्या वसाहतीत उतरले. जानेवारी १८०० मध्ये केरी मदनाबाटी सोडून त्यांना जाऊन मिळाले. आलेल्यांपैकी काही जण लवकरच मृत्युमुखी पडले. उरलेल्यांत जोशुआ मार्शमन हे ब्रिस्टलचे शिक्षक होते; त्यांच्या पत्नी हॅना शाळा व घर चालविण्यात निष्णात होत्या; विल्यम वॉर्ड यांचा मूळ धंदा छपाईचा होता. केरी वयाने व अनुभवाने वडील होते. प्रत्येक गोष्ट आपल्या हुकुमाने चालावी असे त्यांनी म्हटले असते, तर कोणी आश्चर्य मानले नसते. त्यांनी तसे केले नाही.

सर्वांनी एका घरात राहावे, कमाई एका सामाईक निधीत टाकावी आणि घराची व्यवस्था प्रत्येकाने एकेक महिना आळीपाळीने पाहावी, असे ठरले. शनिवारची संध्याकाळ आपसांतील कुरबुरी मिटविण्यासाठी राखून ठेवली गेली. शाळा मार्शमन पतिपत्नींकडे, छापखाना वॉर्ड यांच्याकडे आणि भाषांतर केरींकडे, अशी कामाची विभागणी झाली. वॉर्ड यांनी टंक, कागद आणि कामगार यांच्याबाबत घेतलेला निर्णय अंतिम असे. मार्शमन यांनी चिनी भाषेतील भाषांतर हाती घेतले, ते त्यांनीच तडीस नेले. फेलिक्स व विल्यम या केरींच्या हूड मुलांना मायेने व शिस्तीने वळण लावले तेही वॉर्ड यांनीच. मुलांच्या बाबतीत आपल्या हातून जे झाले नाही, ते सोबत्याच्या हातून होऊ देण्याइतकी नम्रता केरींपाशी होती.

हा विश्वास केवळ गोऱ्या सोबत्यांपुरता नव्हता. पंचानन कर्मकार हे निपुण कारागीर सेरामपूरला आले. त्यांनी आणि पुढे त्यांचे जावई मनोहर यांनी देशी लिप्यांचे टंक घडविले. २८ डिसेंबर १८०० रोजी बाप्तिस्मा घेतलेले कृष्ण पाल हे सुतार लवकरच स्वतः सुवार्तिक झाले. १८०५ साली सेरामपूरच्या बंधूंनी आपल्या सेवेची तत्त्वे लेखी नमूद केली. हिंदुस्थानात सुवार्ता पसरेल ती येथल्याच लोकांच्या मुखाने आणि मंडळ्यांचे पाळकपण त्यांच्याच हाती सोपवावे, हा त्यांतील महत्त्वाचा भाग होता.

१८०१ साली केरींची नेमणूक कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात झाली. आरंभी बंगाली आणि पुढे संस्कृत व मराठी हे विषय ते शिकवू लागले. त्यांच्या पगाराचा बहुतेक भाग सामाईक निधीत जाई. आपणा मराठी वाचकांचा येथे निकटचा संबंध येतो. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण आणि मत्तयाचे शुभवर्तमान छापले गेले, तर १८१० साली मराठी-इंग्रजी कोश निघाला. या कामात कॉलेजचे मराठी पंडित वैद्यनाथ यांचा मोठा हातभार होता आणि केरींनी तो ऋणनिर्देशपूर्वक मान्य केला. काम सोपवावे आणि श्रेय मात्र आपल्याकडे ठेवावे, ही रीत त्यांची नव्हती.

या व्यवस्थेची कसोटी ११ मार्च १८१२ रोजी लागली. त्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. केरी कलकत्त्यास होते. कागद, टंक आणि कित्येक वर्षांच्या परिश्रमाची हस्तलिखिते जळून खाक झाली. अनेक भाषांतील शब्दांचा एक मोठा कोशही त्यांत गेला. दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी ही वार्ता केरींना सांगितली, तेव्हा ते सुन्न झाले. परंतु ते सेरामपूरला पोहोचण्यापूर्वीच वॉर्ड कामाला लागले होते. छापयंत्रे वाचली होती आणि राखेतून टंक ओतण्याचे ठसे सापडले होते. शेजारची वखार मोकळी होती, तेथे कारागीर बसविण्यात आले आणि नवे टंक ओतण्यास सुरुवात झाली. पंडितांना घेऊन जळालेली भाषांतरे पुन्हा करणे, हे केरींचे काम. ते त्यांनी धरले. एका माणसाच्या हाती सर्व सूत्रे असती, तर त्या रात्री सारेच काम राखेत गेले असते.

अग्रक्रम ठरविण्याचे त्यांचे शिक्षण किती पक्के झाले होते, हे डिसेंबर १८२९ मधील एका रविवारी दिसून आले. सतीची चाल बंद करणारा लॉर्ड बेंटिंक यांचा कायदा बंगालीत उतरविण्यासाठी त्यांच्याकडे आला. केरी सरकारचे बंगाली भाषांतरकार होते. त्या सकाळी त्यांना उपदेश करावयाचा होता. एका दिवसाच्या विलंबाने एखाद्या विधवेचा प्राण जाईल, हे जाणून त्यांनी उपदेशाचे काम दुसऱ्याकडे दिले, पंडिताला सोबत घेतले आणि सायंकाळपर्यंत भाषांतर पूर्ण केले. उपदेश दुसऱ्याला करता येत होता. ते भाषांतर त्या दिवशी त्यांनीच करावयाचे होते.

या चित्राला दुसरी बाजूही आहे आणि ती लपविणे योग्य होणार नाही. केरी, मार्शमन आणि वॉर्ड या तिघांचा परस्परांवर जेवढा विश्वास होता, तेवढा नंतर आलेल्या तरुण मिशनऱ्यांच्या वाट्याला आला नाही. निर्णयांत आपणास स्थान नाही, असे त्यांना वाटू लागले. केरींचा पुतण्या युस्टेस हाही त्यांच्यात होता. त्यांनी कलकत्त्यात वेगळे कार्य सुरू केले. मालमत्ता कोणाच्या अधिकारात असावी, यावरून इंग्लंडमधील सोसायटीशीही वाद वाढला आणि १८२७ साली सेरामपूर तिच्यापासून विभक्त झाले. भाषांतरांबाबतही असेच म्हणता येईल. इतक्या भाषा एकाच वेळी हाती घेतल्याने काही भाषांतरे कच्ची राहिली आणि पुढच्या पिढ्यांना ती नव्याने करावी लागली. मराठीतही तसे घडले. काम सोपविणे म्हणजे केवळ श्रम वाटणे नव्हे, तर निर्णयाचा अधिकारही वाटणे, आणि तो पुढच्या पिढीला वेळेवर देणे, हा धडा केरींच्या यशाइतकाच त्यांच्या उणिवांतून मिळतो.

१८२३ साली वॉर्ड महामारीने वारले. केरी ९ जून १८३४ रोजी सेरामपूर येथे प्रभूमध्ये निद्रिस्त झाले आणि मार्शमन १८३७ साली. तिघेही गेले, परंतु त्यांनी १८१८ साली स्थापिलेले कॉलेज राहिले. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने त्यास पदव्या देण्याचा अधिकार दिला. आज देशाच्या कानाकोपऱ्यांतील धर्मशिक्षण संस्थांतून पाळकांना मिळणाऱ्या पदव्यांवर सेरामपूरचे नाव असते, ते त्याच सनदेमुळे.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी रुग्णालयाच्या एखाद्या विभागाची जबाबदारी सांभाळत असेल, कोणी शाळेचे मुख्याध्यापक असेल, कोणी कचेरीत नुकताच अधिकारी झाला असेल. बढती मिळाली की जुने काम सुटत नाही आणि नवे अंगावर येते. आपण केले तरच नीट होईल, असे मन सांगत राहते आणि त्या ओढाताणीची झळ घरच्यांना पोहोचते. मोशेला त्याच्या सासऱ्याने रानात हेच दाखवून दिले होते. तेव्हा उद्या मेजावर बसण्यापूर्वी एवढे पाहावे : यांतील कोणते काम खरोखर आपलेच आहे? ते मन लावून करावे. बाकीचे योग्य माणसाकडे द्यावे, त्याबरोबर अधिकारही द्यावा, आणि काम चांगले झाले तर त्याचे नाव घ्यावे. केरींना हे उमगण्यास मदनाबाटीची पाच कठीण वर्षे लागली. आपणास ते त्यांच्या चरित्रातून शिकता येते.