डॉक्टर पावरींची गोलंदाजी

आपल्या बॅचमधल्या डॉक्टरांवर लिही, असं ग्रुपवर फर्मान निघालं. पण आपल्यात डॉक्टर इतके, की एकाचं नाव राहिलं तर तपासणी फी दुप्पट व्हायची! म्हणून असा डॉक्टर निवडला, ज्याच्यावर कोणी रुसणार नाही.

मेहेल्लाशा एदलजी पावरी. जन्म 1866 चा, नवसारीचा, कर्मभूमी मुंबई. तेव्हा तिथल्या मैदानावर साहेबांचे घोडे पोलो खेळत आणि टापांखाली पारशी पोरांची खेळपट्टी उखडून जाई. अर्जविनंत्यांना फारशी दाद मिळत नसे. अशा मैदानांच्या काळात हा वेगवान गोलंदाज घडला. पारशांच्या 1886 च्या पहिल्या इंग्लंड दौऱ्यात एकच विजय मिळाला होता. 1888 ला पावरी सोबत होते. 31 सामन्यांत 8 विजय, आणि एकट्या पावरींचे 170 बळी.

जानेवारी 1890 चा सामना मला सगळ्यात आवडतो. व्हर्नन यांचा इंग्लिश संघ आला होता. सामना बॉम्बे जिमखान्यावर, जिथे आपल्या माणसाला सभासद होता येत नव्हतं. दुसऱ्या डावात पावरींनी 34 धावांत 7 गडी उडवले. पारशी चार गडी राखून जिंकले. त्या दौऱ्यात पाहुणे हरले ते एवढ्याच सामन्यात.

1895 मध्ये ते मिडलसेक्सकडून एक सामना खेळले; त्याच वर्षी रणजी ससेक्सकडून खेळू लागले. 1901 मध्ये पारशी क्रिकेटवर पुस्तक लिहिलं. या सगळ्यासोबत डॉक्टरकीही होतीच. लोक त्यांना हिंदुस्थानचे ग्रेस म्हणत. तो दाढीवाला ग्रेससुद्धा डॉक्टरच, आणि क्रिकेटमध्ये नाव गाजल्यावर एकतिसाव्या वर्षी झालेला. पावरी 1946 मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर गेले.

हे सगळं शोधत बसले, कारण माझा मुलगा अकरावीला लातूरला आहे, नीटसाठी. खोलीत तिघं, भिंतीवर वेळापत्रक. त्याची बॅट आम्ही दोघांनी मिळून नांदेडच्या घरी माळ्यावर टाकली होती. दिवाळीत त्याने माळ्याकडे पाहिलं, मागितली मात्र नाही. मागितली असती तर मी नाहीच म्हटलं असतं.

परवाच्या रविवारी डबा घेऊन लातूरला गेले, तेव्हा एसटीत बॅटही सोबत होती. ह्यांना ते ही स्मरणिका वाचूनच कळेल. तेही याच शाळेचे, दोन वर्षं पुढचे.