शांत राहण्याची महत्त्वाकांक्षा

आजचं वाचन : थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र, अध्याय ४, वचने ९ ते १२



आजच्या वाचनातल्या अकराव्या वचनात प्रेषित पौल तीन साध्या गोष्टी सांगतो. शांत राहा, आपापलं काम बघा, आणि स्वतःच्या हातांनी कष्ट करा. पहिल्या गोष्टीसाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, त्यात महत्त्वाकांक्षेची छटा आहे. म्हणजे लोक प्रमोशनसाठी जशी धडपड करतात, तशी धडपड शांत राहण्यासाठी करा, असं काहीसं. हे वचन मी लहानपणापासून वाचतोय, पण वाचून पुढे जायचो. एका माणसामुळे तिथे थांबलो. त्याने हे वचन चक्क मासेमारीवरच्या पुस्तकाच्या शेवटी ठेवलं होतं. आज उपदेशाऐवजी त्याचीच गोष्ट सांगतो.

आयझॅक वॉल्टन. जन्म १५९३, इंग्लंडमधलं स्टॅफर्ड गाव. वडील दारूचा गुत्ता चालवायचे. आयझॅक जेमतेम तीन वर्षांचा असताना वडील वारले, आणि आईने दुसरं लग्न केलं. मुलाच्या वाट्याला कॉलेज, विद्यापीठ वगैरे काही आलं नाही. तो लंडनला आला आणि एका नातेवाइकाच्या हाताखाली कापडाचा धंदा शिकला. पुढे फ्लीट स्ट्रीटच्या भागात त्याचं स्वतःचं दुकान झालं. आपल्याकडे लक्ष्मी रोडवर कापड दुकानदार असतात ना, तसाच एक साधा, हिशोबी दुकानदार.

पण दुकान ज्या भागात होतं, तिथल्या सेंट डन्स्टन मंडळीचे पाळक १६२४ पासून होते जॉन डन. मोठे कवी, सेंट पॉल कॅथेड्रलचे डीन आणि त्या काळातले नावाजलेले उपदेशक. या विद्वान माणसाची आणि कापडवाल्याची मैत्री जमली. डन यांनी जवळच्या मित्रांना नांगरावरच्या ख्रिस्ताचं चित्र कोरलेली एकेक मोहोर दिली होती. त्यातली एक वॉल्टन यांना मिळाली. ही मोहोर लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

१६३१ मध्ये डन गेले. त्यांचं चरित्र सर हेन्री वॉटन लिहिणार होते. ते ईटनच्या शाळेचे प्रमुख होते, आणि वॉल्टन यांच्याबरोबर नदीवर गळ टाकून बसायचे. वॉल्टन फक्त माहिती गोळा करून देणार होते. पण १६३९ मध्ये वॉटनही वारले. डन यांच्या प्रवचनांचं पुस्तक छापायला तयार, आणि चरित्राचा पत्ता नाही. शेवटी दुकानदारानेच लेखणी उचलली, आणि १६४० मध्ये ते चरित्र प्रसिद्ध झालं. पुढे त्यांनी वॉटन, हूकर, जॉर्ज हर्बर्ट आणि सँडरसन यांचीही चरित्रं लिहिली. विद्यापीठाची पायरी न चढलेला हा माणूस आज इंग्रजीतल्या सुरुवातीच्या मोठ्या चरित्रकारांत गणला जातो.

इथवर वाचून वाटेल, सगळं छान चाललं होतं. तसं नव्हतं.

वॉल्टन यांचं लग्न १६२६ मध्ये रेचल फ्लड यांच्याशी झालं. त्यांना मुलं झाली, आणि एकामागून एक गेली. एकही मूल बालपणाच्या पुढे जगलं नाही. मग १६४० मध्ये रेचलही गेली. डन यांचं चरित्र छापून आलं त्याच वर्षी. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस घरी परत यायचा तेव्हा घरात कोणी नसायचं.

दोन वर्षांनी, १६४२ मध्ये, देशात यादवी युद्ध पेटलं. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला पार्लमेंट. भांडणात धर्मही होता, त्यामुळे एकाच मंडळीतली, एकाच घरातली माणसं समोरासमोर आली. वॉल्टन राजाच्या बाजूचे, म्हणजे हरणाऱ्या बाजूचे. त्यांचं प्रार्थनापुस्तक बंद झालं, बिशप हटवले गेले, नाताळ साजरा करण्यावर बंदी आली. जानेवारी १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला. ज्या मंडळीत त्यांनी आपल्या मुलांना पुरलं, तिचा सगळा घाट डोळ्यांसमोर मोडून पडला.

आणि मग १६५३ मध्ये या माणसाने काय केलं? मासे कसे पकडावेत यावर पुस्तक काढलं. 'द कम्प्लीट अँगलर'. किंमत अठरा पेन्स. मुखपृष्ठावर स्वतःचं नावही नाही.

पुस्तक म्हणजे गप्पा आहेत. मे महिन्यातली सकाळ, लंडनच्या उत्तरेला ली नदीकडे जाणारा रस्ता, आणि वाटेत भेटलेली माणसं. त्यातला मच्छीमार दुसऱ्याला आपली विद्या शिकवतो. कुठल्या माशाला कुठलं आमिष, कुठला मासा कुठल्या महिन्यात, पकडल्यावर शिजवायचा कसा, सगळं. मधेच पाऊस येतो, ते झाडाखाली थांबतात, गाणी म्हणतात. प्रभूने आपल्या शिष्यांत चार कोळी निवडले, ही गोष्टही तो मच्छीमार अभिमानाने सांगतो. युद्धाच्या भांडणाला त्या गप्पांत जवळपास जागाच नाही.

सगळ्यात रंगतात ते ट्राउट माशाबद्दल बोलताना. आपण कोकणात गळ टाकतो त्यापेक्षा हा प्रकार वेगळा, म्हणून थोडं समजावतो. ट्राउट थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यात राहतो. तो प्रवाहाकडे तोंड करून एका जागी स्थिर असतो, कारण त्याचं खाणं, म्हणजे पाण्यावरचे किडे आणि माश्या, वरून वाहत येतं. त्याला फसवायला गळावर पिसं, लोकर आणि रेशमाचा दोरा गुंडाळून खोटी माशी बनवतात. ती पाण्यावर अशी टाकायची की खरीच माशी येऊन बसली असं वाटावं. त्या काळी दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची असायची आणि काठीच्या टोकालाच बांधलेली. गळाजवळ तर काही जण दोनच केस ठेवायचे. त्यामुळे मोठा मासा लागला आणि तुम्ही हिसका दिला, तर दोरी तुटलीच. वॉल्टन तर सांगतात की मासा फारच मोठा असेल तर काठीच पाण्यात सोडून द्या. त्याला ती ओढत फिरू दे, दमला की मग काठी उचला.

आणि मुख्य म्हणजे, माशाला तुम्ही दिसता कामा नये. तुमची सावली पाण्यावर पडली, तुम्ही काठावर धपधप चाललात किंवा पाण्यात पाय आपटत उतरलात, की तो गेला. तिथे ताकदीचा काही उपयोग नाही, घाईचा तर नाहीच. शांत राहणं हा तिथे कामाचाच भाग आहे, आणि तो शिकावा लागतो. चुकत चुकत, अनेक रिकाम्या हातांच्या संध्याकाळी पचवून. पुस्तकाच्या शेवटी आजचं वचन का आलं, ते मला इथे कळलं.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. वॉल्टन काही निर्दोष नव्हते. माशी टाकून मासे धरण्यात ते स्वतः फार तरबेज नव्हते. तो भाग त्यांनी बराचसा थॉमस बार्कर या दुसऱ्या लेखकाकडून घेतला, आणि तसं सांगितलंही. पण १५७७ सालचं एक जुनं पुस्तक १९५४ मध्ये सापडलं. त्याची मांडणी वॉल्टन यांच्या पुस्तकाशी इतकी जुळते की त्यांनी ते वाचलं असणार असं अभ्यासकांना वाटतं, आणि त्याचा उल्लेख मात्र त्यांनी कुठे केला नाही. त्यांच्याच काळातला रिचर्ड फ्रँक, जो क्रॉमवेलच्या बाजूने लढला होता, त्याने तर त्यांची पुस्तकी मच्छीमार म्हणून खिल्ली उडवली.

माझ्या मनात मोठा प्रश्न मात्र वेगळाच होता. देश जळत असताना नदीवर जाऊन बसणं ही पळवाट नाही का?

उत्तर मला त्यांच्या बाकीच्या आयुष्यात मिळालं. सप्टेंबर १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत तरुण राजा हरला आणि पळाला. त्याचं एक मौल्यवान राजचिन्ह मागे लपवून ठेवलेलं होतं. ते हातोहात स्टॅफर्डशरहून लंडनला न्यायचं होतं, टॉवरमध्ये कैदेत असलेल्या एका कर्नलकडे. सापडलं असतं तर जिवावर बेतलं असतं. ते काम वॉल्टन यांनी केलं, अठ्ठावन्न वर्षांच्या कापड दुकानदाराने, आणि कुठेही गाजावाजा न करता. त्याच वर्षी त्यांनी आपल्या दिवंगत मित्राचं, वॉटन यांचं, लेखन चरित्रासह प्रसिद्ध केलं. म्हणजे बाजू त्यांनी सोडली नव्हती, कामही सोडलं नव्हतं. फक्त आरडाओरडा केला नाही. पौलाच्या वचनातल्या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

दरम्यान त्यांनी दुसरं लग्न केलं होतं, अॅन केन यांच्याशी. एक मुलगी आणि एक मुलगा जगले. १६६२ मध्ये अॅनही गेल्या. म्हाताऱ्या वॉल्टनना त्यांचे मित्र बिशप मॉर्ली यांनी आपल्याकडे आसरा दिला.

पुस्तकाच्या त्यांच्या हयातीत पाच आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक वेळी ते काहीतरी दुरुस्त करत, वाढवत राहिले. तेरा प्रकरणांची एकवीस झाली. (आमच्या क्षेत्रातल्या लोकांना ही सवय ओळखीची वाटेल.) पण १६७६ च्या पाचव्या आवृत्तीतली गोष्ट मला सर्वांत आवडते. वॉल्टन तेव्हा त्र्याऐंशीचे होते. त्यांचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन डव्ह नदीकाठी राहायचा. डव्ह म्हणजे डोंगरातून येणारी छोटी, नितळ नदी, ट्राउटची जागा. कॉटन कर्जबाजारी होता, थोड्या चावट कविता लिहिणारा होता. वॉल्टनसारख्या भाविक माणसाचा मित्र वाटणार नाही असा. पण तो त्यांना वडील मानायचा, आणि माशी टाकण्यात खरा उस्ताद होता. वॉल्टन यांनी आपल्या पुस्तकातला माशीच्या मासेमारीचा पूर्ण दुसरा भाग त्यालाच लिहायला दिला. ज्या विषयात दुसरा आपल्यापेक्षा चांगला आहे, तिथे त्यांनी खुर्ची सोडली. कॉटनने नदीकाठी १६७४ मध्ये दगडाचं एक छोटं घर बांधलं होतं आणि दारावर दोघांच्या नावांची आद्याक्षरं एकमेकांत गुंफून कोरली होती. ते घर आजही उभं आहे.

ऑगस्ट १६८३ मध्ये, नव्वदाव्या वाढदिवसाला, वॉल्टन यांनी मृत्युपत्र लिहायला घेतलं. आपल्या गावाजवळची शेती त्यांनी स्टॅफर्डच्या गरिबांसाठी ठेवली. तिच्या उत्पन्नातून दरवर्षी दोन गरीब मुलांना धंदा शिकायला लावायचं, एका मोलकरणीच्या लग्नाला मदत करायची, आणि गरिबांना कोळसा घ्यायचा. तोही जानेवारीच्या अखेरीस, कारण तेव्हा त्यांचे सगळ्यात जास्त हाल होतात असं त्यांनी नमूद केलं. वडिलांविना वाढलेला मुलगा काही विसरला नव्हता. त्या मृत्युपत्रावर मोहोर उमटवली ती डन यांनी दिलेली, बावन्न वर्षं जपलेली. १५ डिसेंबर १६८३ ला ते प्रभूकडे गेले. विंचेस्टर कॅथेड्रलमध्ये त्यांची कबर आहे.

ती कबर मी पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी कामासाठी इंग्लंडला होतो. तेव्हा इकडे आमच्या मंडळीत दोन गट पडले होते आणि व्हॉट्सअॅपवर रोज भांडण चालू होतं. वेळेच्या फरकामुळे रात्री जागून मी लांबलचक उत्तरं टाइप करायचो. मुद्दे माझे बरोबर होते, असं मला अजूनही वाटतं. पण त्यातला एक मेसेज मी सगळ्या ग्रुपसमोर अशा काकांना लिहिला, ज्यांनी मला रविवारच्या शाळेत बोट धरून शिकवलं होतं. त्यांनी उलट काही लिहिलं नाही. ग्रुप सोडला फक्त.

त्या शनिवारी विंचेस्टरला गेलो, ते खरं तर फोनपासून लांब जायला. कबरीवरच्या खिडकीत रंगीत काचांमध्ये वॉल्टन नदीकाठी पुस्तक वाचत बसलेले आहेत, आणि आजचं वचन तिथे आहे. बाहेर आलो तर इचेन नदी, इतकी नितळ की तळाचं गवत दिसतं. पुलावरून खाली पाहिलं तर एक ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून स्थिर उभा होता. एवढ्या ओढीत एका जागी राहायला तो सतत शेपूट हलवत होता. मी पुलावर जरा पुढे वाकलो, माझी सावली पाण्यावर पडली, आणि मासा गायब झाला.

तिथेच मला काका आठवले.

भारतात आल्यावर त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. काकांनी चहा पाजला, आईची चौकशी केली. पूर्वीसारखं बोलणं अजून होत नाही. दर काही दिवसांनी फोन करतो. घाई करत नाही.

आजसाठी एक प्रश्न : आपली बाजू खरी आहे म्हणून आपण कोणावर सावली टाकली आहे का? आणि आज हाताशी असलेलं कोणतं काम गाजावाजा न करता पूर्ण करता येईल?

प्रार्थना : प्रभू येशू, तू कोळ्यांना बोलावलंस आणि पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर त्यांच्यासाठी निखाऱ्यांवर मासे भाजलेस. आम्हाला शांत राहायला शिकव. ते आमच्या स्वभावात नाही, म्हणून रोज थोडं थोडं शिकव. ज्यांना आम्ही दुखावलं त्यांच्याकडे परत जाण्याचं धैर्य दे, आणि वाट पाहण्याचा धीरही दे. आमेन.