फेलिक्स मेंडेल्सोन : रंगभूमीवरून चर्चमध्ये गेलेला सूर

नाताळचा सण आला की ख्रिस्ती बांधवांच्या घरी लग्नसराईची चाहूल लागते. नाताळापूर्वीचे चार आठवडे हे प्रतीक्षेचे व आत्मपरीक्षणाचे मानले जात असल्यामुळे पुष्कळ कुटुंबे त्या काळात मंगलकार्य टाळतात आणि सण पार पडताच तयारीस लागतात. आमच्याकडे संस्कृत शिकावयास येणारे एक ख्रिस्ती गृहस्थ यंदा अशाच गडबडीत आहेत. त्यांच्या कन्येचा विवाह जानेवारीत व्हावयाचा आहे. परवा मेघदूताचा पाठ आटोपल्यावर त्यांनी मनातला एक पेच आमच्यापुढे मांडला. विवाहविधी संपवून वधूवर चर्चबाहेर पडतील तेव्हा मेंडेल्सोनचा वेडिंग मार्च वाजावा, ही कन्येची हौस. आणि ती चाल नाटकातली, तीही पऱ्यांच्या आणि जादूच्या नाटकातली, तेव्हा देवाच्या घरात तिचे काय काम, ही मंडळीतील काही वडीलधाऱ्यांची हरकत. बुवा कीर्तनात नाट्यपदांच्या चाली घेतात, तेव्हा बुवांनीच काय ते सांगावे, असा त्यांचा आग्रह पडला.

प्रश्न ऐकून आम्ही थोडे चपापलो. चाळीस वर्षांपूर्वी एका देवस्थानच्या उत्सवात आम्ही एक अभंग नाट्यपदाच्या चालीवर गायिला होता. श्रोत्यांनी टाळ्या दिल्या. परंतु पुढल्या वर्षी त्या उत्सवाचे आमंत्रण आम्हांस आले नाही. ती सल मनात राहिलेली असल्यामुळे आम्ही तत्काळ उत्तर दिले नाही. आधी त्या चालीच्या कर्त्याचे चरित्र वाचून काढले. निरूपणापुढे आख्यान लावल्याखेरीज कीर्तनकाराचे समाधान होत नाही. तेच आख्यान आज वाचकांच्या सेवेस सादर करीत आहोत.

फेलिक्स मेंडेल्सोनचा जन्म ३ फेब्रुवारी १८०९ रोजी जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे एका ज्यू कुळात झाला. मोझेस मेंडेल्सोन हे थोर तत्त्वचिंतक त्याचे आजोबा. वडील अब्राहम हे सावकारी पेढीचे मालक; आई लेआ विदुषी. १८११ साली कुटुंब बर्लिनला आले आणि १८१६ मध्ये मुलांना प्रॉटेस्टंट पंथाचा बाप्तिस्मा देण्यात आला. फेलिक्सहून सुमारे तीन वर्षांनी वडील असलेली त्याची बहीण फॅनी हीही तितकीच बुद्धिमान होती. दोघेही झेल्टर या एकाच गुरूपाशी शिकली. परंतु फॅनी पंधरा वर्षांची होण्याच्या सुमारास वडिलांनी तिला बजाविले की, संगीत हा फेलिक्सचा व्यवसाय होऊ शकेल. तिच्यासाठी ते केवळ अलंकार ठरेल. भावाने सभा गाजवाव्यात आणि बहिणीने घरच्या दिवाणखान्यात वाजवावे, अशी ती वाटणी होती.

बारा वर्षांच्या फेलिक्सला झेल्टर यांनी १८२१ साली वायमार येथे महाकवी गटे याच्या भेटीस नेले. कालिदासाचे शाकुंतल अनुवादातून वाचून ज्याने त्याची मुक्तकंठाने स्तुती केली, तोच हा गटे. सत्तरी ओलांडलेल्या कवीला त्या बालकाच्या वादनाने वेड लाविले. पुढे वयाच्या सतराव्या वर्षी, १८२६ मध्ये, फेलिक्सने शेक्सपिअरच्या मिडसमर नाइट्स ड्रीम या नाटकावर एक नांदीवजा रचना केली. आजही जगातील वाद्यवृंद ती वाजवितात.

बाख हा जर्मनीचा महान धर्मसंगीतकार १७५० साली वारला होता. सेंट मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरील त्याची ख्रिस्तदुःखभोगाची विराट रचना लाइप्झिगच्या थॉमस चर्चमध्ये उपासनेचा भाग म्हणून गायिली गेली होती. पुढे ती विस्मृतीच्या अंधारात गेली. तिच्या हस्तलिखिताची प्रत फेलिक्सला आजीकडून भेट मिळाली होती. ११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांच्या या युवकाने बर्लिनच्या सिंगअकादमीच्या सभागृहात काही भाग गाळून ती सादर केली. जे चर्चसाठी निर्माण झाले ते सभागृहात आले. तरीही श्रोते भारावून गेले आणि बाखचे नाव पुन्हा सर्वतोमुखी झाले. पुढे जे उलट दिशेने घडले त्याची ही जणू पूर्वपीठिका होती.

त्याच वर्षी फेलिक्स इंग्लंडला गेला. इकडे विल्हेल्म हेन्सेल या चित्रकाराशी फॅनीचा विवाह ठरला. विवाहात ऑर्गनवर वाजविण्यासाठी भावाने रचना करून पाठवावी, असे ठरले होते. वेल्समधील मुक्कामात त्याने ती मनाशी योजिलीही. परंतु १७ सप्टेंबर रोजी लंडनमध्ये त्याची घोडागाडी उलटली, पायास जबर दुखापत झाली आणि तो अंथरुणास खिळला. ३ ऑक्टोबरच्या विवाहास ना भाऊ पोहोचला, ना त्याची रचना.

मग फॅनीने काय करावे? अलंकारापुरतेच संगीत जिच्या वाट्यास आले होते, तिने वधूच्या प्रवेशाचे संगीत स्वतःच रचिले; आणि बाहेर पडतानाचे संगीत तर विवाहाच्या आदल्या रात्री, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, लिहावयास घेऊन मध्यरात्रीच्या सुमारास पुरे केले. दुसऱ्या दिवशी बर्लिनच्या चर्चमध्ये ती वधू स्वतःच्याच सुरांवरून चालत गेली. विवाहासाठी कोणते संगीत निवडावे, या प्रश्नाला एवढे बाणेदार उत्तर दुसऱ्या कोणा वधूने दिल्याचे आम्ही वाचलेले नाही.

डिसेंबरात फेलिक्स घरी परतला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी आईवडिलांच्या विवाहास पंचवीस वर्षे पूर्ण होत होती. त्यासाठी त्याने घरच्या घरी करावयाचे एक छोटे संगीतनाटक रचिले. मेहुणे हेन्सेल यांना सुराची ओळख बेताचीच, म्हणून त्यांच्या पात्रास एकच स्वर पुन्हा पुन्हा गावयाचा ठेविला होता. प्रयोगात तोही त्यांना साधला नाही, असे सांगतात.

उपासनेत संगीताचे स्थान कोणते, हा प्रश्न फेलिक्सने आयुष्यभर गांभीर्याने बाळगिला. १८३३ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे संगीत दिग्दर्शकाचे पद स्वीकारल्यावर तेथील चर्चमध्ये गायिल्या जाणाऱ्या रचना त्याला फार चटकदार वाटल्या. तेव्हा आसपासची शहरे धुंडाळून त्याने पालेस्त्रिनाप्रभृती जुन्या आचार्यांच्या गंभीर रचना जमा केल्या. १८३५ मध्ये एका पाळकमित्रास लिहिताना त्याने अशी अडचण मांडली की, उपासनेच्या क्रमात संगीताने नेमके कोठे उभे राहावे हेच आपणास उमगत नाही. आणि ते उमगत नाही तोवर खरे धर्मसंगीत कसे निर्माण व्हावे? याच वर्षी तो लाइप्झिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाचा प्रमुख झाला.

२८ मार्च १८३७ रोजी फ्रँकफुर्ट येथे सेसिल जाँरेनो या पाळककन्येशी त्याचा विवाह झाला. त्या विवाहास फॅनी नव्हती. एकमेकांवर प्राणापलीकडे माया करणाऱ्या या भावंडांना परस्परांची लग्ने पाहावयास मिळाली नाहीत.

१८४० साली मुद्रणकलेच्या चारशे वर्षांच्या उत्सवासाठी फेलिक्सने लाइप्झिगच्या भर चौकात गावयाचे एक समूहगीत रचिले. त्यातील एका चालीस इंग्रजी शब्द जोडावयाचे ठरले तेव्हा त्याने आपल्या प्रकाशकास कळविले की, या चालीस काही तरी लौकिक, जोमदार, शिपाईबाण्याचे शब्द शोभतील. धार्मिक शब्द मात्र मुळीच चालावयाचे नाहीत. तो जाऊन आठ वर्षे झाल्यावर, १८५५ मध्ये, विल्यम कमिंग्स या इंग्रज संगीतज्ञाने नेमकी तीच चाल चार्ल्स वेस्लीच्या नाताळगीतास लाविली. देवदूतांची घोषणा सांगणारे ते गीत आज नाताळात जगभर गायिले जाते. कर्त्याने ज्या चालीस मंदिराचे दार बंद केले होते, तिला भक्तांनी थेट गाभाऱ्यात नेऊन बसविले.

वेडिंग मार्चची कथाही अशीच आहे. प्रशियाच्या राजाच्या आज्ञेवरून फेलिक्सने त्या जुन्या नांदीला जोडून संपूर्ण नाटकाचे संगीत रचिले. पॉट्सडॅमच्या राजवाड्यात १४ ऑक्टोबर १८४३ रोजी प्रयोग झाला. चौथा अंक संपून पाचवा सुरू होण्यापूर्वी, राजा थीसियस व अन्य दोन जोडपी यांच्या विवाहाची वर्दी देणारी तुताऱ्यांची ललकारी उठते. तोच हा मार्च. नाट्यगृहाबाहेर तिला काही भवितव्य असेल, असे त्या रात्री कोणास वाटावे? योगायोग असा की, नेमक्या त्याच काळात बर्लिनच्या मुख्य चर्चचे संगीत फेलिक्सकडे होते आणि उपासनेत वाद्यवृंद कितपत असावा यावरून धर्माधिकाऱ्यांशी त्याचे खटके उडत होते. ज्या रचना त्याने चर्चसाठी जिवापाड केल्या त्यांवर वाद झाले. जी नाटकासाठी केली ती पुढे निमंत्रणावाचून चर्चमध्ये गेली.

बहिणीच्या विवाहासाठी योजिलेली ती चाल मात्र त्याने टाकून दिली नव्हती. १८४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ऑर्गनच्या सहा सोनाटांपैकी तिसऱ्या सोनाटाच्या आरंभी तीच चाल आहे, असे अभ्यासक मानतात. सोळा वर्षे उशिरा का होईना, आहेर पोहोचला. फॅनीची काही गीते भावाच्याच नावाने छापली गेली होती. १८४२ मध्ये व्हिक्टोरिया राणीने आपले आवडते गीत म्हणून त्यांपैकीच एक त्याला गाऊन दाखविले, तेव्हा हे गीत बहिणीचे आहे, अशी कबुली त्याने दिली. १८४६ मध्ये फॅनीने स्वतःच्या नावाने रचना प्रसिद्ध करावयास आरंभ केला. पण काळाने अवधी दिला नाही. १४ मे १८४७ रोजी घरच्या मैफलीची तालीम घेत असता तिला पक्षाघाताचा झटका आला आणि त्यातच तिचा अंत झाला. वार्ता ऐकून फेलिक्स कोसळला. त्याच वर्षी ४ नोव्हेंबर रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, त्यानेही लाइप्झिग येथे देह ठेविला. बर्लिनच्या दफनभूमीत भाऊबहिणीच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत.

फॅनी गेल्यास तीन आठवडेही झाले नव्हते. २ जून १८४७ रोजी इंग्लंडमधील टिव्हर्टन या गावी सेंट पीटर चर्चमध्ये एका विवाहप्रसंगी ऑर्गनवादकाने तो मार्च वाजविला. चर्चमधील विवाहात तो वाजल्याची ही पहिली नोंद मानतात. पुढे २५ जानेवारी १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या ज्येष्ठ कन्येच्या लंडनमधील विवाहात तो वाजला आणि मग देशोदेशी त्याची प्रथाच पडली. बहिणीच्या लग्नास ज्याचे सूर वेळेवर पोहोचले नाहीत, तो असा परक्यांच्या असंख्य लेकीबहिणींच्या लग्नात हजर राहिला.

आख्यान येथे संपवावे, पण एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. नाझी राजवटीत या ख्रिस्ती संगीतकारास त्याच्या ज्यू जन्मावरून बहिष्कृत करण्यात आले. लाइप्झिगमधील त्याचा पुतळा १९३६ मध्ये हटविला गेला, त्याच्या संगीतावर बंदी आली. २००८ साली त्या पुतळ्याची प्रतिकृती उभारण्यात आली, ती बाखच्या थॉमस चर्चसमोर. केवळ जन्मस्थान पाहून माणसाची वा सुराची योग्यता ठरविणे किती भयंकर थरास जाऊ शकते, याचा हा धडा आहे.

आमच्या घरचा अनुभवही हेच सांगतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये शाकुंतल रंगभूमीवर आणिले, तेव्हा साकी, दिंडी या कीर्तनातील चाली नाटकात गेल्या. पुढे कीर्तनकारांनी नाटकाच्या चाली घरी आणिल्या. नदीचे पाणी कोणत्या घाटावरून भरले यापेक्षा ते अभिषेकास वापरले की खेळण्यास, हे महत्त्वाचे.

आणि येथे आम्हांस आमचीही चूक कबूल केली पाहिजे. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या उत्सवात दोष चालीचा नव्हता. दोष आमचा होता. आम्ही त्या रात्री ताना अशा घेतल्या की श्रोत्यांना अभंग आठवला नाही, नाटक आठवले. आमंत्रण न धाडणाऱ्या त्या वृद्धांना हे उमगले होते. आम्हांस उमगावयास इतकी वर्षे जावी लागली. संगीताने उपासनेत कोठे उभे राहावे, हा फेलिक्सचा प्रश्न आम्ही स्वतःस त्या वेळी विचारिला नव्हता.

म्हणून आमच्या शिष्यांना आम्ही इतकेच सांगितले: प्रार्थना चालू असता, वचने दिली घेतली जात असता त्या मार्चला स्थान नाही, तेथे नारायण वामन टिळकांनी दाखविलेल्या मराठी भजनाच्या वाटेने मंडळींनी गावे. आशीर्वाद मिळाला, वधूवर द्वाराकडे वळले, की त्या तुताऱ्या खुशाल वाजू द्याव्यात. त्या ऐकून आज कोणास पऱ्यांचे नाटक आठवत नाही; दोन जिवांची गाठ पडली, हेच आठवते. आणि कन्येला फॅनीची गोष्ट अवश्य सांगावी. वडीलधाऱ्यांनाही हा तोडगा मानवला, असे काल कळले. जानेवारीतील त्या विवाहाचे आमंत्रण आम्हांस आले आहे आणि आम्ही आनंदाने जाणार आहोत.

ख्रिस्ती बांधवांना नाताळच्या शुभेच्छा. आणि ज्यांच्या घरी मंगलकार्य आहे त्या सर्वांचे कार्य सुरेल होवो, ही श्रीचरणी प्रार्थना.