लपलेल्या गुणांचा शोधक : ग्रेगोर मेंडेल

शिक्षकपदाच्या परीक्षेत दोनदा अपयशी ठरलेल्या एका मठवासीयाने साऱ्या जगाला आनुवंशिकतेचे नियम शिकविले. त्याचे नाव ग्रेगोर मेंडेल.

आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी, १८२२ साली त्याचा जन्म झाला. गरिबीमुळे शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या विवाहासाठी राखलेल्या धनाचा काही भाग भावाच्या स्वाधीन केला. १८४३ साली तो ब्रनो येथील मठात दाखल झाला. परीक्षेत १८५० साली व पुन्हा १८५६ साली त्याला यश आले नाही; तरी त्याच १८५६ साली मठाच्या बागेत त्याने वाटाण्यावरील प्रयोगांस आरंभ केला.

आपल्या उज्जयिनीच्या वेधशाळेत ज्या चिकाटीने आकाशाचे वेध घेतले जात, त्याच चिकाटीने त्याने अनेक वर्षे दाणा न् दाणा मोजला. गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातींचा संकर केला असता पहिल्या पिढीत सारे दाणे गोल निघाले. पुढच्या पिढीत मात्र ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले! सुरकुती नष्ट झाली नव्हती, लपली होती. असा गुण माता व पिता या दोघांकडून आला तरच प्रकट होतो, हे त्याने ताडले.

१८६५ साली त्याने आपला निबंध वाचला. त्याचे महत्त्व कोणी जाणले नाही. १८६८ साली तो मठाधिपती झाला. बहिणीचे ऋण स्मरून त्याने तिच्या मुलांच्या शिक्षणास साहाय्य केले. त्यांतील दोघे डॉक्टर झाले. १८८४ साली मेंडेल निवर्तला. १९०० साली इतर शास्त्रज्ञांना तेच नियम आढळले, तेव्हा कोठे जगाला त्याची थोरवी कळली.

अबिसिनियन जातीच्या मांजरांत रक्तक्षय आणणारा एक दोष असाच लपून राहतो. नर व मादी दोघेही निरोगी दिसतात. परंतु दोघेही त्या दोषाचे वाहक असल्यास सरासरी चार पिलांत एक रोगी निपजते. आता गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून केलेल्या जनुकचाचणीने वाहक आधीच ओळखून अशी जोडी टाळता येते.

माणसातील सिकलसेल रोगही याच नियमाने चालतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाली. वाहक असणे हा कोणाचाही अपराध नव्हे. म्हणून रक्त तपासून घेण्यात संकोच कसला?