विश्लेषण : बाबा आमटेंना बसता का येत नव्हते? मणक्यांचा संधिवात कसा वाढतो आणि गंभीर कधी होतो?

ठाणे : टेंभी नाका म्हटले की ठाणेकरांना नवरात्र आठवते आणि सिव्हिल रुग्णालयही. एक्स-रेचे मोठे पाकीट हातात घेऊन रिक्षा शोधणारी माणसे हे इथले जुने दृश्य आहे. पाकिटातल्या रिपोर्टवर ‘मणक्यांची झीज’ असे लिहिलेले असले, की घरी एकच प्रश्न सुरू होतो : हे आता किती वाढणार? उठणे-बसणेच बंद होणार का?

हा प्रश्न समजून घ्यायला महाराष्ट्राच्या ओळखीचे एक आयुष्य उपयोगी पडते. ज्येष्ठ समाजसेवक बाबा आमटे यांनी आयुष्याची काही दशके एक तर उभे राहून किंवा आडवे पडून काढली. खुर्चीत बसणे त्यांना शक्य नव्हते. त्यांची काही सर्वांत मोठी कामे याच काळातली आहेत.

वकिली सोडून आनंदवनात

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे सधन जमीनदार कुटुंबात झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वरोऱ्यात वकिली केली. तिथल्या नगरपालिकेत ते उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांचे कष्ट कळावेत म्हणून त्यांनी स्वतः मैल्याची टोपली डोक्यावर घेतली. याच दिवसांत तुळशीराम नावाचा, कुष्ठरोगाच्या शेवटच्या अवस्थेतला माणूस त्यांना रस्त्याकडेला दिसला. आधी ते घाबरून दूर गेले, नंतर परतून त्याची सेवा केली. पुढच्या आयुष्याची दिशा तिथे ठरली.

१९४६ मध्ये त्यांचा साधनाताईंशी विवाह झाला. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी कुष्ठरोगाचा अभ्यास केला आणि १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये एवढ्यावर वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीत आनंदवन सुरू झाले. झाडोरा तोडणे, दगड फोडणे, विहीर खणणे ही कामे बाबा रुग्णांच्या बरोबरीने करत होते.

पाठीला नेमके काय झाले होते?

बाबांना मान आणि कंबर या दोन्ही ठिकाणी तीव्र स्पॉन्डिलोसिस होता. सोप्या शब्दांत, हा मणक्यांचा झिजेचा संधिवात. बोलताना आपण सरसकट ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणतो. पण अँकायलोजिंग स्पॉन्डिलायटिस हा वेगळा, सुजेचा आजार आहे. तो बहुतेक वेळा तरुण वयात सुरू होतो, सकाळी पाठ बराच वेळ आखडलेली राहते आणि हालचाल केल्यावर बरे वाटते. दोन्हींचे उपचार वेगळे असल्याने नावातला हा फरक महत्त्वाचा आहे.

मान, पाठ आणि कंबर मिळून आपल्याला २४ सुटे मणके असतात. बहुतेक मणक्यांमध्ये एक चकती असते. ती गाडीच्या शॉकअबसॉर्बरसारखे काम करते. मागच्या बाजूला छोटे सांधे असतात आणि त्यांना गुडघ्यासारखेच गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. झीज साधारण या क्रमाने वाढते :

• चकतीतील पाणी कमी होते आणि तिची उंची घटते.
• चकतीवरचा भार मागच्या छोट्या सांध्यांवर सरकतो आणि त्यांचे अस्तर घासू लागते.
• शरीर आधारासाठी मणक्याच्या कडेला जास्तीचे हाड वाढवते.
• अस्थिबंध जाड होतात आणि नसांची वाट अरुंद होते.

वय, आनुवंशिकता, जुनी इजा आणि वर्षानुवर्षांची जड कामे या सगळ्यांचा यात वाटा असू शकतो. त्यामुळे बाबांच्या पाठीचा दोष एकट्या आनंदवनातल्या कष्टांवर टाकता येत नाही.

मग उभे राहता येते, बसता का येत नाही?

हे वाचताना उलटे वाटते. बसणे म्हणजे तर आराम! पण आधाराशिवाय बसल्यावर कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि चकतीच्या पुढच्या भागावर दाब येतो. १९६० च्या दशकात स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाखेमसन यांनी माणसांच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. आडवे असताना तो सर्वांत कमी, उभे असताना त्याहून जास्त आणि आधाराशिवाय बसल्यावर आणखी जास्त आढळला. नंतरच्या मोजण्यांत बसणे आणि उभे राहणे यातला फरक इतका मोठा दिसला नाही, पण झोपल्यावर दाब सर्वांत कमी, हे कायम राहिले.

मात्र प्रत्येकाची दुखरी जागा वेगळी असते. नसांची वाट अरुंद झालेल्या अनेक रुग्णांना उलट चालताना त्रास होतो आणि बसल्यावर सुटका मिळते. म्हणून एकाचे आसन दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

गंभीरता मोजतात कशी?

केलग्रेन आणि लॉरेन्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५७ मध्ये एक्स-रेवरून सांध्यांची झीज मोजण्याची पद्धत मांडली. तिच्यात ० ते ४ अशा पायऱ्या आहेत. ० म्हणजे झीज नाही, १ म्हणजे शंका, २ म्हणजे वाढलेले हाड स्पष्ट, ३ म्हणजे सांध्यातील जागा नक्की कमी झालेली आणि ४ म्हणजे जागा फारच कमी होऊन हाडाचा आकार बदललेला.

पण ही पायरी म्हणजे दुखण्याचे मीटर नाही. चाळिशी-पन्नाशीनंतर काहीही दुखत नसलेल्या अनेकांच्या एक्स-रेतही झीज दिसते. उलट, फोटो बरा असूनही माणूस वेदनेने हैराण असू शकतो. त्यामुळे डॉक्टर आणखी तीन गोष्टी पाहतात : दुखणे किती आहे, रोजची कोणती कामे अडतात आणि नसांवर दाब आहे का. बाबांच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार कठोर होते. टेबलापाशी बसून लिहिणे, बसून जेवणे, बसून प्रवास करणे, सगळेच अडले होते.

आजार वाढला, कामाची पद्धत बदलली

१९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. पुढे मुलगा प्रकाश आणि सून मंदाकिनी यांनी तो सांभाळला. डिसेंबर १९८५ मध्ये, वयाच्या सत्तरीत, बाबा कन्याकुमारीहून भारत जोडो अभियानासाठी निघाले. तरुण सायकलींवर होते आणि बाबा सोबतच्या वाहनात आडवे. १९८८ मध्ये त्यांनी अरुणाचलातील इटानगर ते गुजरातमधील ओखा असे दुसरे अभियान केले.

१९९० मध्ये ते आनंदवन सोडून मध्य प्रदेशात नर्मदाकाठी कसरावद येथे राहायला गेले आणि त्याच वर्षअखेरच्या संघर्ष यात्रेतही सामील झाले. मॅगसेसे, पद्मविभूषण, टेम्पल्टन हे सन्मान त्यांना मिळाले, तेही पाठीने बसणे नाकारल्यानंतरच्या काळात.

ही कथा केवळ इच्छाशक्तीची म्हणून सांगितली, तर अर्धीच सांगितल्यासारखे होईल. त्यांच्या मागे साधनाताई होत्या, आनंदवनातली शेकडो माणसे होती, आडवे होता येईल असे वाहन होते. ठाण्याहून सकाळची लोकल पकडणाऱ्याला किंवा दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला ही सोय नसते. बाबांचे कार्य शरीराच्या मर्यादेनुसार बदलता आले. आपल्याकडे बहुतेकांना शरीरच कामानुसार वाकवावे लागते. झीज तेवढीच असली, तरी तिची किंमत प्रत्येकाला वेगळी मोजावी लागते.

डॉक्टरकडे कधी जायचे?

झिजेचा संधिवात सहसा हळूहळू वाढतो आणि बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचत नाहीत. नियमित व्यायाम, वजनावर ताबा, एका स्थितीत फार वेळ न राहणे आणि गरजेपुरती औषधे यांचा उपयोग होतो. पट्टा डॉक्टरांनी सांगितला तेवढाच वेळ वापरावा. पुढील लक्षणे मात्र अंगावर काढू नयेत :

• हात-पाय बधिर होणे किंवा त्यांतली ताकद कमी होणे
• शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळणे, चालताना तोल जाणे
• लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा जांघेभोवती बधिरपणा : अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे
• पाठदुखीसोबत ताप, वजन घटणे किंवा रात्री न थांबणारी वेदना

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात, वयाच्या ९३ व्या वर्षी बाबांचे निधन झाले. त्यांना रक्ताचा कर्करोग झाला होता. मणक्यांच्या आजाराने त्यांचा जीव घेतला नाही, त्यांची खुर्ची तेवढी घेतली. म्हणून रिपोर्ट हातात आल्यावर डॉक्टरांना ‘कितवी पायरी?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘माझे कोणते काम अडते आहे आणि ते करण्याची दुसरी पद्धत कोणती?’ हेही विचारा.