तोफा वितळवून नांगर
लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा, गुर्लहोसूरचा. बेळगावात सायकलींचे दुकान चालवता चालवता त्यांनी लोखंडी नांगर बनवला. पण लोखंडाने जमिनीत विष भिनते म्हणून दोन वर्षे शेतकरी तिकडे फिरकलेच नाहीत. लक्ष्मणराव खचले नाहीत. १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलच्या माळावर, निवडुंग तोडून कारखाना उभा राहिला. तीच किर्लोस्करवाडी. पहिल्या महायुद्धात ओतकामाला लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या भट्टीत गेल्या आणि त्यांचे नांगर झाले. १९५६ साली लक्ष्मणराव गेले. नवे अवजार दाखवताना शेतकऱ्याने शंका काढली, तर आम्हा विस्तारवाल्यांनी चिडू नये. ती दोन वर्षे आठवावीत.